आगबोटीवरचा पहिला दिवस



व्याख्यानमालेचे चिटणीस फाल्गुनात आमच्या घरी आले तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, "तुम्ही घर चुकलात." न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घालून दिली, ती विद्वानांच्या तोंडून लोकांना चार शब्द ऐकायला मिळावेत म्हणून. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी संपले. पुढचे निम्मे कारखान्यांच्या फाटकावर झाले आणि निम्मे आपल्या नगर वाचनालयात, तेही शिपाई दिवे मालवायला येईपर्यंत. चिटणीस म्हणाले, "विद्वान बाकीचे दिवस आहेतच; एक दिवस तुम्ही या." विषय कोणता, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, "आगबोटीवरचा पहिला दिवस." त्यांचा चेहरा थोडा उतरला. कामगार चळवळीतला माणूस, बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा. आणि हा तर सहलीची हकीकत सांगणार! आपल्यापैकीही काहींना तसे वाटले असेल. त्यांना विनंती एवढीच की, घटकाभर धीर धरावा. आम्ही सहलीला म्हणून गेलो आणि काम घेऊन परत आलो. ते काम कोणते, तेच आज सांगायचे आहे.

आमच्यासारख्याने चैनीच्या बोटीत पाऊल ठेवावे कसे, हा पहिला प्रश्न. आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून मुलीने आणि जावयाने मुंबईहून सुटणाऱ्या एका क्रूझ बोटीची तिकिटे काढली. पूर्वीची बोट माणसाला एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवीत असे. ही बोट त्याला समुद्रात फिरवते, खाऊपिऊ घालते आणि पुन्हा त्याच धक्क्यावर आणून सोडते. आम्ही नको म्हणालो. घरात मतदान झाले आणि तीन विरुद्ध एक मताने आमचा ठराव फेटाळला गेला. जन्मभर बहुमताचा पुरस्कार केलेल्या माणसाला मग तोंड उघडायला जागा राहत नाही.

पण आम्ही गप्प बसलो त्याला आणखीही एक कारण होते. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा त्याच बोटीवर कामाला आहे. सहकारी म्हणजे कारखान्यात यंत्रावर उभे राहून आयुष्य काढलेला माणूस; प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको आमच्याकडे आली आणि कागदाची एक लहानशी पुडी आमच्या सौभाग्यवतींच्या हातात देऊन म्हणाली, "वैनी, एवढी पोराला द्या. गावदेवीचा अंगारा आहे." अंगाऱ्याधुपाऱ्यावर आम्ही तीस वर्षे टीका केली आहे; याच गावात, याच मैदानावर केली आहे. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि पुडी सरळ आमच्याच खिशात घातली.

आणि आम्ही ती काढून ठेवली नाही. त्याचे कारण सांगायला थोडी लाज वाटते, पण ते सांगितल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. २०१२ साली हा मुलगा वीस वर्षांचा होता. हॉटेलच्या कामाचा अभ्यासक्रम पुरा करून बोटीवर जायचे त्याच्या मनात होते. बाप त्याला घेऊन आमच्याकडे सल्ल्याला आला. आम्ही काय सांगितले? आम्ही सांगितले, "अरे, बोटीवर नऊ महिन्यांचा करार, दहाव्या महिन्यात तू घरी. इथे कारखान्यात युनियनचा करार आहे. दोन वर्षांत कायम होशील. कायमची भाकरी टाकून पाण्यावर कशाला जातोस?" पोराने ऐकले. तो कायमही झाला. आणि २०१८ साली कारखाना बंद पडला. बाप आणि लेक एकाच दिवशी घरी बसले. पुढे करोनाच्या साथीत बोटीही बंद होत्या. अखेर २०२२ साली तिशीला आलेला हा मुलगा बोटीवर गेला, आणि वय वाढलेले, अनुभव नाही, म्हणून त्याला मिळाले ते लाँड्रीतले काम. त्याच्या बापाने आम्हाला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. बंधूंनो, शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही उभयता बॅलार्ड पियरला पोचलो. हा धक्का जुना. विलायतेचे साहेब येथे उतरत आणि धक्क्यालगतच्या स्टेशनातून थेट गाडीत बसत. पेशावरला जाणारी फ्राँटियर मेल १९२८ साली येथूनच सुरू झाली. आता तेथे उतारूंसाठी नवे भव्य टर्मिनल बांधले असून २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आत सगळा विमानतळासारखा थाट. सामान एकीकडे, माणसे एकीकडे. तपासणीच्या टेबलापाशी शिपायाने आमच्या खिशातली पुडी काढली.

"यह क्या है?"

आम्ही म्हणालो, "राख."

त्याने पुडी उघडून आमच्याकडे संशयाने पाहिले. तेव्हा सौभाग्यवती पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, देवीचा अंगारा आहे." शिपाई मराठी निघाला. त्याने चिमूटभर कपाळाला लावला, पुडीची घडी पूर्ववत घातली आणि आम्हाला नमस्कार करून आत सोडले. ज्या गोष्टीवर आम्ही व्याख्याने झोडली तिच्याच जोरावर आम्ही बोटीवर चढलो. असो.

बोट म्हणजे काय, हे आपल्या घाटावरच्या माणसाला सांगणे अवघड आहे. आपण पाहतो ती कृष्णेतली नाव. ही बोट म्हणजे दहा-अकरा मजल्यांची चाळ आडवी तरंगत ठेवलेली. आत नाटकगृह, दुकाने, पोहण्याचा हौद, लहान मुलांची खेळण्याची जागा, आणि जेवणाचे तर विचारूच नका. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती आणि लोकांनी दोनदा ताटे भरून घेतली होती. जैन मंडळींसाठी वेगळा स्वयंपाक होता, तो पाहून आम्हाला कौतुक वाटले. आमची खोली मात्र गाडीच्या डब्याएवढी, पण अशी चकचकीत की सौभाग्यवती चपला हातात घेऊन आत गेल्या.

दुपारी आम्ही त्या मुलाचा शोध सुरू केला. चौकशीच्या टेबलावरच्या बाईंनी हसतमुखाने सांगितले की, कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळी उतारूंना भेटता येत नाही. आणि लाँड्रीतले कर्मचारी उतारूंच्या मजल्यावर येतच नाहीत. आम्ही म्हटले, "मग आम्ही खाली जातो." त्या आणखी गोड हसल्या. तसे हसणे आम्हाला ठाऊक आहे. कारखान्यांच्या कचेऱ्यांतून ते आम्ही पुष्कळ पाहिले आहे. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

मग एका जिन्यापाशी आम्हाला ते दार दिसले. दारावर लिहिले होते, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. ताटांची गाडी घेऊन एक पोऱ्या बाहेर आला तेव्हा दार क्षणभर उघडे राहिले आणि आम्ही आत डोकावलो. अलीकडे उंबऱ्यापर्यंत जाड गालिचा. पलीकडे रंग दिलेले उघडे लोखंड. अलीकडे मंद वाद्यसंगीत. पलीकडे पंख्यांची घरघर. एका बोटीत दोन बोटी असतात, हे त्या दाराने आम्हाला शिकवले. उतारूंची बोट खिडक्यांची असते. दुसरी बोट तिच्या पोटात असते आणि तिला बहुधा खिडकी नसते. पहिलीतल्या चादरी, टॉवेल आणि टेबलावरची कापडे रोज दुसरीत जातात आणि धुऊन, इस्त्री होऊन वर येतात. वरच्यांना वाटते, चादर पांढरीच असते.

साडेतीनच्या सुमारास कर्णा वाजला. सात आखूड आणि एक लांब. ही जगभरच्या बोटींवरची धोक्याची खूण आहे. हा आवाज झाला की प्रत्येक उतारूने आपल्या नेमलेल्या जागी जमायचे. त्या दिवशी कवायत होती. आमच्या कार्डावर जमण्याच्या जागेचे अक्षर छापलेले होते, तिकडे आम्ही निघालो. लोकांची मात्र गंमत चाललेली. कोणी फोटो काढतो आहे, कोणी हातात पेला घेऊन आला आहे. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "चलो, जल्दी निपटाओ यार, चाय ठंडी हो रही है." लोक हसले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. समोर नारिंगी जॅकेट घातलेला, हातात फलक धरलेला एक माणूस उभा होता. आम्ही पाहिले आणि पाहतच राहिलो. तो आमच्या सहकाऱ्याचा मुलगा होता!

बोटीवर धोका आला की लाँड्रीवाला लाँड्रीवाला राहत नाही आणि वाढपी वाढपी राहत नाही. आचारी असो, वाजंत्री असो, प्रत्येक कर्मचाऱ्याला त्या वेळचे वेगळे काम नेमून दिलेले असते. कोणी आग विझवायला, कोणी होड्या उतरवायला, कोणी उतारूंना गोळा करायला. त्याचे शिक्षण त्यांना मिळालेले असते. एरवी ज्याला आमच्या मजल्यावर येण्याची परवानगी नाही, तो त्या वीस मिनिटांत आमचा अधिकारी होता. त्याने खणखणीत आवाजात सांगितले की, पेले खाली ठेवा, फोन खिशात घाला, लिफ्टने यायचे नाही, सामानासाठी खोलीत परत जायचे नाही. पेलेवाल्या गृहस्थांनी पेला खाली ठेवला.

त्याने आम्हाला ओळखले होते. चेहऱ्यावर मात्र काही नाही. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा. जॅकेट कसे बांधायचे ते दाखवण्यासाठी त्याने रांगेतून एकाला पुढे बोलावले. कोणाला? तर आमच्या सौभाग्यवतींना! त्यांच्या गळ्यात जॅकेट घातले, कमरेचा पट्टा ओढला. पट्ट्याचे टोक खाली लोंबत होते, ते उचलायला तो वाकला आणि उचलता उचलता त्याचा हात त्यांच्या पावलांना लागून वर आला. दोनशे माणसांपैकी कोणाच्या ते ध्यानात आले नसेल. सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. आमच्यापाशी येऊन तो एवढेच म्हणाला, "काका, ओळीत मागं सरका. जागा अडते." आम्ही मागे सरकलो. एके काळी आम्ही त्याला अडवले होते; त्या दिवशी त्याने आम्हाला सरकवले, आणि ते अगदी बरोबर होते.

या कवायतीला हसणाऱ्यांनी तिचा इतिहास वाचावा. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि होड्यांत जागा होती १,१७८ जणांची. दीड हजारावर माणसे गेली. त्या पातकातून १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे शंभर वर्षांनी, १३ जानेवारी २०१२ च्या रात्री, इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया नावाची अशीच चैनीची बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसे मेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाने ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ही कवायत झालीच पाहिजे. म्हणजे नियमाची एकेक ओळ मेलेल्या माणसांनी लिहिलेली असते. कारखान्याच्या कायद्याचेही तसेच आहे.

आणि हे फार दूरचे म्हणून सोडून देऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात आपल्या ब्रह्मनाळला काय झाले? कोंबून भरलेली होडी उलटली आणि सुटका होत असलेली माणसेच बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनावर जीव गेले. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, तिच्यात सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी शिट्टी घेऊन उभा राहणारा आणि 'मागे सरका' म्हणणारा शिकवलेला माणूस असणे म्हणजे काय, ते ज्यांनी पूर पाहिला आहे त्यांना आम्ही सांगायला नको.

पाचच्या सुमारास बोट सुटली. धक्क्यावरच्या माणसांनी खुंटांवरचे दोरखंड सोडले, बोटीवरच्या यंत्रांनी ते आत ओढून घेतले. बंदराची वाट दाखवणारा पायलट आधीच चढलेला असतो. बंदरातले पाणी कोठे किती खोल, हे त्याला ठाऊक. लहानशा टग बोटी त्या प्रचंड धुडाला लोटत होत्या, जणू पोरे मिळून हत्तीला ढकलत आहेत. मग धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची एक फट दिसू लागली. ती हातभर झाली, गाडीच्या रस्त्याएवढी झाली, आणि मुंबई मागे पडू लागली.

आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. उत्तरेला गोदीच्या वाघिणी आणि क्रेना. तिकडेच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकाइन बोटीत दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आग विझवता विझवता ६६ बंबवाले जागच्या जागी गेले. पुढे गेटवे, मग कुलाबा. कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक ठाण्यावर १८ फेब्रुवारी १९४६ रोजी खलाशांनी काम थांबवले. तक्रारीची सुरुवात कशापासून? निकृष्ट जेवणापासून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांपासून! चार दिवसांनी गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि गोळ्या झेलून मेले. आमच्या शेजारी उभे राहिलेले लोक गेटवेचे फोटो काढत होते. काढू देत, इमारत सुंदरच आहे. पण पाण्याकडून पाहिले की हे शहर हमालांनी, खलाशांनी आणि गिरणीवाल्यांनी उभे केलेले दिसते.

आणि खलाशी तरी कोण? रत्नागिरी, खेड, दापोलीकडचे मुसलमान बांधव पिढ्यानुपिढ्या साहेबांच्या बोटींवर डेकवर राबले. गोव्याची माणसे जेवणघरात आणि खोल्यांवर. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, टोपास असे त्यांचे दर्जे. गोवेकरांच्या गावोगावच्या 'कूड' धोबी तलाव आणि माझगाव भागात होत्या. बोट मिळेपर्यंत माणूस तेथे पेटी ठेवून राहत असे. कोकणच्या बोटींचे ऋण तर गिरणगावावर केवढे! पावसाळा सोडून भाऊच्या धक्क्याहून रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी अशा त्या जात. डेकवर बोचकी पसरून, बोट लागली की एकमेकांची डोकी धरून, लोक गिरणीत येत आणि शिमग्याला घरी जात. त्या बोटी बंद पडून आता तीन तपे होत आली. आज त्याच पाण्यातून चैनीची बोट जाते, आणि त्याच मुलखातली नातवंडे तिच्यावर चादरी धुतात.

प्राँग्जचे दीपगृह मागे पडले. अंधार पडता पडता आग्नेयेला खांदेरीचा दिवा लुकलुकला. इंग्रज आणि सिद्दी आडवे आलेले असताना महाराजांनी १६७९ साली त्या बेटावर तटबंदी उभारायला घेतली. दगड वाहणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. तटबंदी मात्र आहे.

रात्री खोलीत आलो तर बिछान्यावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला! खोल्या लावणारा मुलगा बार्देशचा होता. आम्ही त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. त्याला बसता येत नसे. उभ्याउभ्याच बोलला. सकाळी सहाला दिवस सुरू होतो, दुपारी थोडी सुट्टी, मग रात्री दहापर्यंत. आठवड्याची सुट्टी अशी नसतेच. बोट चालते तोवर काम चालते. जाताना तो चाचरत म्हणाला, "सर, शेवटच्या दिवशी एक फॉर्म येईल. दहापैकी दहा द्या. नऊ म्हणजे आमच्याकडे नापास."

बंधूंनो, त्या रात्री आम्हाला बराच वेळ झोप लागली नाही, ती या वाक्यामुळे. आम्ही जन्मभर मुकादमाच्या शेऱ्याविरुद्ध लढलो. माणसाची भाकरी एकाच्या लहरीवर असू नये, तिला नियम असावा, नोंद असावी, अपील असावे, एवढेच आमचे सांगणे. आणि येथे मालकाने मुकादमच काढून टाकला होता आणि त्याच्या जागी आम्हाला बसवले होते! तिकीट काढणारा प्रत्येक उतारू मुकादम. चहा गार होता म्हणून नऊ देणारा तो पेलेवाला गृहस्थही मुकादम. हे आता बोटीपुरते राहिलेले नाही. आपल्या दारात जेवणाचा डबा आणून देणारा मुलगा, रिक्षाचा चालक, सगळ्यांना आपण अंगठ्याने चांदण्या देतो. देताना आपण कोणाच्या खुर्चीत बसलो आहोत, याचा घडीभर विचार करावा.

ते असो. आम्ही एका चिठ्ठीत दोन ओळी लिहिल्या: "आईने अंगारा दिला आहे, तो सोबत. २०१२ साली आम्ही तुला अडवले, ते आमचे चुकले." चिठ्ठी आणि पुडी त्या बार्देशकर मुलाच्या हातात दिली. तो म्हणाला, "देतो. पण माझं नाव कुठे घेऊ नका." आम्ही घेतलेले नाही.

पहाटे दाराखालून एक कागद आत सरकलेला सापडला. त्यात लिहिले होते: "काका, अंगारा मिळाला. लावला म्हणून आईला सांगा. २०१२ चे विसरा असे म्हणणार नाही, कारण तेव्हा आलेले आज वर आहेत आणि मी खाली आहे. पण फाटकावर तुम्ही आमचे कागद वाचायचात, तसा माझा करार वाचून द्या. विश्रांतीच्या तासांच्या नोंदीवर आम्ही सह्या करतो, त्यात काय असते ते नीट कळत नाही. घरी पोचलात की फोनवर पाठवतो."

क्षमा मागायला गेलो होतो. त्याने काम दिले. आमच्या मते हेच योग्य झाले. सल्ला देऊन मोकळे होणाऱ्याने त्या सल्ल्याचे पुढे काय झाले ते निस्तरायलाही यावे.

घरी आल्यावर शब्दकोश पुढ्यात घेऊन आम्ही तो करार अकरा रात्री वाचला. सोबत जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ सालचा सागरी श्रम करार वाचला. तो २०१३ साली अमलात आला आणि भारताने २०१५ साली स्वीकारला. त्यातल्या चार गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात, कारण आपल्याही गावातून आता मुले बोटींवर जाऊ लागली आहेत. पहिली गोष्ट: नोकरी लावून देण्यासाठी एजंटाने मुलाकडून पैसे घेता कामा नयेत. वैद्यकीय दाखला, खलाशाचे पुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च मुलाचा. बाकी काही नाही. जो एजंट 'दोन लाख ठेवा, बोट देतो' म्हणतो, त्याचा सरकारी परवाना आधी पाहा. दुसरी: सही केलेल्या कराराची प्रत मुलाच्या हातात असली पाहिजे. तिसरी: देशांना दोन रीतींतून निवड आहे, कामाची मर्यादा ठरवावी किंवा विश्रांतीची. विश्रांतीची रीत घेतली तर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्याहत्तर तास विश्रांती, आणि दिवसातल्या एका सलग झोपेला किमान सहा तास. चौथी: त्या तासांची नोंद ठेवलीच पाहिजे, आणि सही झालेल्या नोंदीची प्रत खलाशाला मिळालीच पाहिजे.

कोणी म्हणेल, हे जगाचे कायदे, पण बोटीवर झेंडा कोणता? खरे आहे. पुष्कळ मालक आपली बोट ज्या देशात सोयीचे पडेल त्या देशात नोंदवतात. बोटीच्या पिछाडीला पनामा किंवा बहामाचे बंदर लिहिलेले असते. जगातल्या वाहतूक कामगारांचा महासंघ या सोयीच्या झेंड्यांविरुद्ध १९४८ पासून झगडतो आहे. पण झेंडा कोणताही असो, करार मान्य केलेल्या देशाच्या बंदरात बोट लागली की तेथले अधिकारी तिची तपासणी करू शकतात. तेव्हा 'समुद्रावर कायदा नसतो' हे मालकांनी पसरवलेले वाक्य आहे. ते आपण पाठ करू नये.

आम्ही हे सगळे त्या मुलाला मराठीत लिहून पाठवले. त्याने नोंदीची प्रत मागितली. मिळाली नाही. दुसऱ्या आठवड्यात लाँड्रीतल्या तिघांनी मिळून मागितली. मिळाली. त्या तिघांत एक आपला, एक फिलिपिनो आणि एक नेपाळी. खिडकी नसलेल्या त्या खोलीत आमच्या मुलाने हे जमवले, आणि त्यात आमचे काम फक्त शब्दकोशाचे होते.

त्याची आई मात्र सांगते की, हे अंगाऱ्याने झाले. आम्ही तिच्याशी वाद घातला नाही. तिघांनी एकदम मागितले म्हणून मिळाले, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. पण पुडी पोचली नसती तर चिठ्ठीही पोचली नसती, हे आम्हाला मान्य करावे लागते.

तेव्हा मंडळी, कधी अशा बोटीवर जाण्याचा योग आला तर अवश्य जा. समुद्र पाहा, खांदेरीचा दिवा पाहा. मात्र पहिल्या दिवशी सात आखूड आणि एक लांब असा कर्णा वाजला की हातातला पेला खाली ठेवा आणि समोर शिट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे नीट पाहा. एरवी तो तुम्हाला दिसणार नाही. तो बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा असेल.